निवडून घडवलेलं विकर

उस्मानाबादी शेळी पाळणारा माणूस जनुकांविषयी काही न वाचताही एक काम चोख करतो. जी शेळी जुळी देते, टंचाईत झाडपाल्यावर तगते, तिची पिलं तो मागं ठेवतो आणि बाकीची बाजारात नेतो. धाराशिवची ही काळी शेळी अशा निवडीतूनच घडली. प्रयोगशाळेत हीच निवड विकरांवर, म्हणजे एन्झाइमवर करता येते. तिचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा नमुना म्हणजे सिटाग्लिप्टिन. मधुमेहाची ही गोळी २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर भारतात बरीच स्वस्त झाली आणि तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळू लागली.

या रेणूची एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं शोभावीत अशी दोन रूपं असतात. औषधाला त्यांतलं एकच हवं. मर्क कंपनी त्यासाठी ऱ्होडियम हा महागडा धातू आणि जास्त दाबाखालचा हायड्रोजन वापरायची. तरी नको असलेलं रूप थोडं उतरायचंच. ते आणि धातूचे अंश काढायला वेगळा खटाटोप लागे. जी गोळी माणूस वर्षानुवर्षं रोज घेतो, तिच्यात असली भेसळ चालत नाही.

मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी मग जिवाणूंमधलं एक ट्रान्सअमिनेज विकर निवडलं. ते नेमकं हवं तेच रूप घडवणारं होतं. अडचण एवढीच, की सिटाग्लिप्टिनचा कच्चा रेणू त्याच्या खळग्यात, म्हणजे जिथे क्रिया घडते त्या जागेत, मावेना. क्रिया शून्य! आणि निवड करायची तर आधी गुणाचा लवलेश तरी हवा. संशोधकांनी कच्च्या रेणूचा छोटा तुकडा घेऊन विकराला त्यावर काम करायला लावलं. संगणकावरच्या प्रतिकृतीत पाहून खळगा थोडा थोडा रुंद केला, तेव्हा कुठे पूर्ण रेणूवर किंचित क्रिया दिसली.

तिथून खरी निवड सुरू झाली. विकराच्या जनुकात बदल करायचे, ती जनुकं जिवाणूंत घालायची, तयार झालेली विकरं तपासायची, सरस ठरलेल्यांचे बदल एकत्र करून पुढची पिढी काढायची. दर फेरीला परीक्षा अवघड: कच्चा माल जास्त, द्रावक जास्त, उष्णताही जास्त. शेवटच्या विकरात २७ अमिनो आम्लं बदललेली होती. लिटरमागे २०० ग्रॅम कच्चा माल, निम्मं द्रावक, तरी ते काम करत राहिलं. नको असलेलं रूप जवळजवळ नाहीसं झालं, कचरा १९ टक्क्यांनी घटला, ऱ्होडियमची गरजच उरली नाही. हे काम २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

या मार्गाचा पाया फ्रान्सिस अर्नोल्ड यांचा. १९९३ मध्ये त्यांनी सबटिलिसिन हे विकर ६० टक्के डायमिथाइलफॉर्मअमाइड या द्रावकात मूळच्या २५६ पट क्रियाशील केलं. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा त्यांना मिळाला. कोणता बदल का उपयोगी पडतो हे आधी ठाऊक असावं लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. तरीही खळगा डोळ्यांपुढे असेल तर वाट जवळची होते, हे सिटाग्लिप्टिनच्या कथेत दिसतंच.

खळगे उलगडण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या सहकाऱ्यांसोबत पेनिसिलिन व्ही अ‍ॅसिलेजची त्रिमितीय रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. हे विकर पेनिसिलिनची एक बाजू तोडतं आणि उरलेल्या गाभ्यापासून नवी प्रतिजैविकं बनवता येतात. धाराशिवच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ऱ्होडियमच्या क्रियेशेजारी या विकरांची क्रियाही वहीत मांडावी, असं मला मनापासून वाटतं.