गुपित आधी प्रेक्षकाला

वसंत साठे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला जाऊन आले आणि येताना मालिकेची कल्पना घेऊन आले. तिकडे मिगेल साबिदो नावाच्या दिग्दर्शकाने 1975 साली प्रेम, रुसवेफुगवे आणि घरची भांडणं यांच्या आडून प्रौढ साक्षरता शिकवणारी मालिका चालवली होती. मनोहर श्याम जोशींच्या लेखणीतून 7 जुलै 1984ला दूरदर्शनवर 'हम लोग' आली, ती याच वाटेने. आज रात्री आठला आपल्या घरात जे रडणं-भेकणं चालतं, त्याची एक सोयरीक थेट स्पॅनिश भाषेतल्या 'तेलेनोव्हेला' या मालिकाप्रकाराशी आहे.

पण एकच. दुसरी सांगलीजवळच्या हरिपूरची. गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांचं 1899चं 'शारदा' जरठ-बाला विवाहावरचं नाटक म्हणून आपण शाळेत शिकतो. त्यातली कळ मात्र विसरतो. म्हातारा भुजंगनाथ आणि शारदा यांचं लग्न अखेर मोडतं ते कुणाला पोरीची दया येऊन नव्हे, तर दोघं सगोत्र आहेत हे दडवलेलं बिंग नायक कोदंड ऐन वेळी फोडतो म्हणून. मेक्सिकोच्या कुठल्याही लेखकाने हेवा करावा असा हा प्रसंग!

कलर्स मराठीवर डिसेंबर 2019मध्ये सुरू झालेल्या 'राजा रानीची गं जोडी'ची गोष्टही सांगलीकडचीच, आणि तिचाही खिळा लग्नातच. लग्नाच्या वेळी संजीवनीला अठरा पूर्ण नव्हती, आणि नवरा रणजित पोलीस अधिकारी. देवलांच्या नाटकात लग्नाला पोरीचं वय आडवं आलं नाही, आडवं आलं ते गोत्र. आता आडवा येतो जन्मदाखला. अशी गुपितं घरच्यांना ठाऊक असतात, प्रेक्षकाला त्याहून आधी ठाऊक असतात. ज्याला कळायला हवं त्यालाच कळत नाही. सगळी गंमत त्या उशिरात. म्हणून तर कागद हातात आला की कॅमेरा घरातल्या एकेकाच्या चेहऱ्यावर फिरतो. सासूवर जरा जास्तच थांबतो.

साताऱ्याने या घाटाला मोकळी हवा दिली. वाईच्या तेजपाल वाघ यांनी लिहिलेली 'लागिरं झालं जी' झी मराठीवर 1 मे 2017ला आली. फौजेत जायचं वेड घेतलेला अज्या आणि त्याची शीतली. दिवाणखान्यातल्या झुंबराऐवजी बांध, ओढा, पार. बोलीही पुण्याची नव्हे. अज्याच्या आजीचं, जिजींचं काम करणाऱ्या कमल ठोके कराडच्या होत्या, पेशाने शिक्षिका. त्यांच्या तोंडची भाषा कुणाला शिकवावी लागली नसणार. माझ्या मते या मालिकेचं निम्मं यश कथेपेक्षा त्या भाषेचं.

तेलेनोव्हेला बहुधा काही महिन्यांत शेवट गाठते, आणि तो लग्नात. आपली मालिका लग्नानंतर खरी तापते आणि टीआरपी असेपर्यंत आटपत नाही. मग नवं गुपित लागतं, नाहीतर कुणाची तरी स्मृती जाते.

ऑगस्ट 2020मध्ये झी मराठीवरच 'देवमाणूस' आली, तेव्हा गुपिताचा आकारच बदलला. वाई तालुक्यात 2016 साली उघडकीला आलेल्या खूनसत्रावर बेतलेली ही मालिका. डॉक्टर खोटा आणि खुनी आहे हे आपल्याला माहीत. गाव मात्र त्याच्या पाया पडतंय. हा डॉक्टर रंगवला किरण गायकवाडने, म्हणजे 'लागिरं'मधल्या भैय्यासाहेबाने. लोकांना तो इतका आवडला, की वाहिनीला पुढचा भाग काढावा लागला.