घरीं बांधलेल्या विमानाची टाकी

घरीं विमान बांधणाऱ्या हौशी माणसाचें लक्ष बहुधा पंखांकडे व यंत्राकडे असतें. पेट्रोलची टाकी म्हणजे केवळ पत्र्याचा डबा, असा पुष्कळांचा समज आहे. हा डबा किती मोठा करावा, हें आपण एका उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत चेरी ग्रोव्ह नांवाच्या खेड्यांत बर्नार्ड पीटेनपोल या गृहस्थानें १९२९ सालीं फोर्ड मोटारगाडीचें 'ए' जातीचें यंत्र बसवून दोघांचें विमान उडविलें. त्याच्या आराखड्यांवरून लोक आजहि तें घरीं बांधतात. यंत्र ४० अश्वशक्तीचें; सरळ उड्डाणांत ३० लागते असें धरूं. जुन्या यंत्रास दर अश्वशक्तीमागें ताशीं सुमारें ३०० ग्रॅम पेट्रोल लागतें, म्हणजे ताशीं ९ किलो. लिटरचें वजन पाऊण किलो. तेव्हां ताशीं १२ लिटर झालें. तीन तासांचे ३६ व अडचणीच्या अर्ध्या तासाचे ६ मिळून ४२ लिटर. तळाशीं राहणारें, उपयोगांत न येणारें १ लिटर आणि उन्हानें पेट्रोल फुगतें त्यासाठीं २ लिटरची रिकामी जागा धरली, कीं ४५ लिटर होतात. ३० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व ५० उंच अशी टाकी बरोबर एवढीच भरते.

मग याच्या दुप्पट मोठी कां करूं नये? वरील ४२ लिटरचेंच वजन साडेएकतीस किलो आहे, आणि तें उडतां उडतां कमी होत जातें. टाकी तोलाच्या मध्यबिंदूपासून दूर असेल, तर निघतांना साधलेला तोल उतरतांना राहत नाहीं. पीटेनपोलच्या विमानांत ती पुष्कळदां पंखाच्या मधल्या भागांत बसवितात. तेथून पेट्रोल पंपावांचून आपल्याच भारानें खालीं येतें.

परंतु तें येण्यास हवेची वाट हवी. तेलाच्या डब्यास एकच भोंक पाडलें तर तेल गुटगुटत अडतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. टाकीचें वरचें छिद्र बुजलें, तर पेट्रोल असूनहि यंत्र बंद पडेल! पाणी पेट्रोलहून जड, म्हणून तळाच्या सर्वांत खोल जागीं तें काढून टाकण्याची तोटी असावी. अर्धवट भरलेल्या घागरीप्रमाणें टाकीहि हिंदकळते. त्यासाठीं आंत भोंकें पाडलेले पत्र्याचे आडपडदे घालतात.

टाकी निर्दोष असूनहि घात होऊं शकतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरांत प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांचें घरीं बांधलेलें विमान कोसळून ते मरण पावले. एका टाकीवरून दुसरीवर जाण्याची कळ मूळ आराखड्यांत पायांपाशीं होती. बांधणाऱ्यानें ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें नेली होती. ती फिरविण्याच्या खटपटींत विमानावरील ताबा सुटला, असें चौकशींत ठरलें. पेट्रोल दाखविणाऱ्या कांचेवरहि खुणा नव्हत्या. हें विमान त्यांनीं दुसऱ्याकडून विकत घेतलेलें होतें.

म्हणून उड्डाणापूर्वीं टाकींत थोडेंच पेट्रोल ठेवून व विमानाचें नाक चढणीच्या कोनांत उचलून कार्बोरेटरपाशीं नळी सोडतात आणि धार मोजतात. पूर्ण शक्तीस लागेल त्याच्या दीडपट धार मिळावी, असा दंडक आहे. आपल्या यंत्रास पूर्ण शक्तीवर ताशीं १६ लिटर लागतात. तेव्हां लिटरचें माप अडीच मिनिटांत भरलें पाहिजे. त्याहून वेळ लागल्यास नळी रुंद करावी किंवा टाकी वर चढवावी.