अठरावा क्रमांक आणि डेट्रॉइटचा नवा लाइनबॅकर

एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत झालेल्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने अठराव्या क्रमांकावर आयोवा विद्यापीठाचा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या थरातला खेळाडू) जॅक कॅम्पबेल याची निवड केली. महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला मिळणारे २०२२ चे बटकस पारितोषिक त्याने जिंकले होते. अभ्यास, नेतृत्व आणि खेळ या तिन्हींचा विचार करून दिला जाणारा विल्यम कॅम्पबेल करंडकही त्याच वर्षी त्याच्याकडे आला होता. तरीही या निवडीने डेट्रॉइटचे चाहते दुभंगले. खेळाडू चांगला आहे हे बहुतेकांना मान्य होते. एवढ्या वरच्या क्रमांकावर लाइनबॅकर घ्यावा का, यावर मात्र एकमत नव्हते.

हा वाद समजण्यासाठी आधी ड्राफ्ट समजून घ्यावा लागतो. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू आयपीएलसारख्या लिलावात विकले जात नाहीत. संघ पाळीपाळीने त्यांची निवड करतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत तळाला राहिला, त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. १९३६ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या या पद्धतीचा हेतू दुबळ्या संघांना सावरण्याची संधी देणे हा आहे. पाळ्यांची आपसांत देवघेवही चालते. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०११ च्या करारापासून नवोदिताचे मानधन त्याच्या क्रमांकावरूनच जवळजवळ ठरते, त्यामुळे संघ मोजतो ती खरी किंमत डॉलरमध्ये नसते. त्या क्रमांकावर दुसरा जो कोणी मिळू शकला असता आणि घेतला नाही, तोच खेळाडूची किंमत असतो. म्हणून डेट्रॉइटच्या चाहत्याला कॅम्पबेलकडे पाहताना न निवडलेले चेहरेही दिसत होते. न्यू इंग्लंडने सतराव्या क्रमांकावर उचललेला बचावपटू क्रिश्चन गोन्झालेझ त्यांपैकी एक. लायन्सची बाराव्या क्रमांकाची पाळी आली तेव्हा तो उपलब्ध होता. त्या पाळीवर लायन्सने जामिर गिब्ज हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, पसंत केला.

धावणारा आणि लाइनबॅकर हीच जोडी टीकेचे कारण ठरली. संघाला एका हंगामात पगारावर किती खर्च करता येईल याची लीगने घातलेली मर्यादा असते. पास फेकणारा क्वार्टरबॅक, त्याला सांभाळणारा टॅकल, त्याच्यावर झडप घालणारा बचावपटू आणि पास अडवणारा कॉर्नरबॅक या जागांवरच्या अनुभवी खेळाडूंचे पगार अफाट असतात. तिथला उत्तम खेळाडू ड्राफ्टमधून चार वर्षांच्या स्वस्त करारावर मिळाला, तर वाचलेल्या पैशात अर्धा संघ उभा राहतो. मधल्या लाइनबॅकरच्या बाबतीत ही बचत त्या मानाने थोडी. शिवाय आता सामन्यातल्या निम्म्याहून अधिक डावांत पास अडवणारे पाच जण मैदानावर असतात आणि लाइनबॅकर दोनच उरतात. हिशेब म्हणून ही टीका बिनतोड होती. बहुतेक जाणकारांनी कॅम्पबेलला पहिल्या फेरीच्या शेवटी किंवा दुसऱ्या फेरीत ठेवले होते.

डेट्रॉइटच्या शंकेला हिशेबापेक्षा जुनी मुळेही होती. २००६ साली नवव्या क्रमांकावर घेतलेला लाइनबॅकर अर्नी सिम्स चार हंगामांनंतर दुसऱ्या संघाला देऊन टाकला गेला. २०१७ साली एकविसाव्या क्रमांकावर जॅरड डेव्हिस आला. धडाडी होती, वेग होता; पण चेंडू कुठे जाणार याचा अंदाज वारंवार चुकायचा आणि हातात आलेला प्रतिस्पर्धी निसटायचा. पहिला करार संपताच तोही गेला. उलट २०२२ मध्ये सहाव्या फेरीत मिळालेला माल्कम रॉड्रिगेझ पहिल्याच वर्षी संघात पक्का झाला आणि लोकांचा लाडका ठरला. सहाव्या फेरीत असा गडी मिळत असेल तर पहिली फेरी का खर्चावी, हा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला असता.

आशेचीही परंपरा याच शहरात होती. १९५३ साली सातव्या फेरीत निवडला गेलेला ज्यो श्मिट हा मधल्या लाइनबॅकरच्या जागेला आजचे रूप देणाऱ्या पहिल्या खेळाडूंपैकी एक. त्याच्या काळात डेट्रॉइटने १९५३ आणि १९५७ ची विजेतेपदे मिळवली. पुढे १९८८ मध्ये दुसऱ्या फेरीत आलेल्या क्रिस स्पीलमनने आठ हंगाम बचावाचा गाडा ओढला. १९५७ नंतरच्या ६५ वर्षांत लायन्सने बाद फेरीचा एकच सामना जिंकला, तो जानेवारी १९९२ मध्ये, स्पीलमन संघात असताना. २००८ मध्ये तर सोळाच्या सोळा सामने हरण्याची नामुष्की आली. इतकी वर्षे हरणाऱ्या संघावर माया करणारा माणूस नव्या खेळाडूकडून फार मोठी अपेक्षा ठेवतो आणि तितकाच घाबरतोही. त्याच्या शंकेला कुरकूर म्हणणे अन्यायाचे आहे.

कॅम्पबेलबद्दलच्या अपेक्षेला ठोस आधारही होता. आदल्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक यार्ड देणारा बचाव डेट्रॉइटचाच होता, ३२ संघांत अगदी तळाचा. तिथे सहा फूट पाच इंच उंचीचा, सुमारे ११३ किलो वजनाचा आणि ४० यार्ड ४.६५ सेकंदांत धावणारा गडी मिळत होता. पण त्याच उंचीत शंका घेणाऱ्यांना धोका दिसत होता. एवढा उंच माणूस झटकन वळेल का? मोकळ्या मैदानात चपळ रनिंग बॅकमागे टिकेल का?

ही मापे इंडियानापोलिसच्या वार्षिक चाचणी शिबिरात घेतली जातात. तिथे धाव, उडी, वळणे आणि ताकद सगळे मोजले जाते. लाइनबॅकरचे मुख्य काम मात्र तिथे मोजताच येत नाही. बचावाच्या तीन थरांत तो मधल्या थरात उभा असतो. पुढे प्रतिस्पर्ध्याशी अंगाला अंग भिडवणारे धिप्पाड गडी, मागे पासवर नजर ठेवणारे वेगवान गडी. चेंडू खेळात आला की समोरच्या आडदांड गार्डने पहिले पाऊल कुठे टाकले, रनिंग बॅक कोणत्या बाजूला झुकला, क्वार्टरबॅकचे खांदे कुठे वळले, हे सारे त्याला सेकंदाच्या आत टिपावे लागते आणि धाव की पास हे ठरवावे लागते. हल्ला करणारा संघ त्याला फसवण्यासाठीच आखणी करतो. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या हाती दिल्यासारखे करतो, लाइनबॅकर दोन पावले पुढे धावतो आणि त्याच्या पाठीमागे रिकाम्या झालेल्या जागेत पास पडतो. चूक दोन पावलांची, नुकसान वीस यार्डांचे. महाविद्यालयात ही चूक वेगाने धावून भरून काढता येते. इथे समोरचाही तितकाच वेगवान असतो, म्हणून ती उघडी पडते. बचावातल्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात २००८ पासून ध्वनियंत्र असते. प्रशिक्षकाचा आदेश त्यातून येतो, पण डाव सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. पुढचे सगळे त्या खेळाडूच्या डोक्यावर. ही जबाबदारी बहुधा लाइनबॅकरकडेच असते.

आकडेही फसवे असतात. आठ यार्ड घेऊ दिल्यानंतर पाडलेला प्रतिस्पर्धी आणि जागच्या जागी रोखलेला प्रतिस्पर्धी, दोन्ही नोंदवहीत एकेक टॅकल (म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाडणे) म्हणूनच जातात. त्यामुळे पहिल्या हंगामात टॅकलांची रास पाहून हुरळणारा चाहता चुकू शकतो, आणि रास लहान म्हणून खचणाराही.

ड्राफ्टचा इतिहास दोन्ही बाजूंना पुरावे देतो. २००९ मध्ये सिअ‍ॅटलने चौथ्या क्रमांकावर घेतलेला आरन करी त्या वर्षीची सर्वांत निर्धोक निवड म्हणून गाजला होता. बटकस पारितोषिक त्याच्याकडेही होते. त्याला सहा वर्षांचा, सहा कोटी डॉलरपर्यंतचा करार मिळाला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये संघाने त्याला ओकलंडकडे रवाना केले. शरीरात काहीच कमी नव्हते. डाव वाचणे जमले नाही. १९९६ चा ड्राफ्ट मात्र उलट बाजूने बोलतो. बाल्टिमोरने सव्विसाव्या क्रमांकावर रे लुईस घेतला. या जागेसाठी तो अंगाने लहान आहे, असे तेव्हा म्हटले गेले. मायामीने थेट १५४ व्या क्रमांकावर झॅक थॉमस घेतला, पुरता सहा फूटही नसलेला. लुईस २०१८ मध्ये आणि थॉमस २०२३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. २०१२ मध्ये कॅरोलिनाने नवव्या क्रमांकावर घेतलेल्या ल्यूक कीक्लीने तर पहिल्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक टॅकल केले आणि दुसऱ्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. असे उदाहरण विरळा. पण चाहत्यांच्या मनात मोजमापाची काठी तेच बनते आणि पुढच्या प्रत्येक नवोदितावर त्याचे ओझे पडते.

कॅम्पबेलचे पहिले वर्ष कीक्लीसारखे नव्हते. मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल (आडनाव सारखे असले तरी नाते नाही) यांनी त्याच्यावर सगळा भार टाकला नाही. शिरस्त्राणातले यंत्र अनुभवी अ‍ॅलेक्स अ‍ॅन्झलोनकडेच राहिले. धाव रोखण्यात नवा गडी उपयोगी पडला, पासच्या बचावात चाचपडला, आणि दोन्ही मतांच्या लोकांना आपलेच खरे वाटत राहिले. संघ मात्र बदलला. लायन्सने १२ सामने जिंकले, ३० वर्षांनी आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळवले आणि १४ जानेवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिस रॅम्सना २४-२३ असे हरवून बाद फेरीतल्या विजयाची ३२ वर्षांची प्रतीक्षा संपवली. पुढच्या सामन्यात टॅम्पा बेविरुद्ध अखेरच्या क्षणी निर्णायक पास हिसकावला तो डेरिक बार्न्सने. बार्न्स चौथ्या फेरीतला लाइनबॅकर, आणि तेव्हा त्याचा तिसरा हंगाम चालू होता. या जागेवर पिकायला किती वेळ लागतो, याचे याहून चांगले उदाहरण त्या संघात नव्हते. उपांत्य लढतीत, म्हणजे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, लायन्स सॅन फ्रान्सिस्कोकडून ३१-३४ असे हरले.

ज्या ड्राफ्टची एवढी निर्भर्त्सना झाली, त्यातून गिब्ज, कॅम्पबेल, पास झेलणारा टाइट एंड सॅम लापोर्टा आणि बचावपटू ब्रायन ब्रँच असे चार नियमित खेळाडू मिळाले. महाव्यवस्थापक ब्रॅड होम्स यांनी जागेच्या बाजारभावापेक्षा खेळाडूवर भरवसा ठेवला होता, आणि या वेळी तो फळला. पण त्यामुळे टीकाकारांचा हिशेब खोटा ठरत नाही. शेकडो निवडी एकत्र पाहिल्या तर तो आजही लागू पडतो. एका माणसाबद्दल तो फारसे सांगत नाही, एवढेच.

कॅम्पबेलची खरी परीक्षा २०२४ च्या हंगामात झाली. बार्न्स सुरुवातीलाच जायबंदी झाला, बचावाचा सर्वांत धोकादायक गडी एडन हचिन्सनचा पाय मोडला आणि नोव्हेंबरमध्ये अ‍ॅन्झलोनचा हात मोडला. यंत्र असलेले शिरस्त्राण कॅम्पबेलकडे आले आणि डाव सांगण्याचे काम दुसऱ्याच वर्षी त्याच्यावर पडले. त्याने ते निभावले, हंगामात १३१ टॅकलही केले, आणि लायन्सने १७ पैकी १५ सामने जिंकले. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने बचाव खिळखिळा झालेल्या लायन्सविरुद्ध ४५ गुण करून त्यांना बाहेर काढले. पास अडवण्याबद्दलची जुनी शंका त्यानंतरही पुरती मिटली नव्हती. अठराव्या क्रमांकाबद्दलची तक्रार मात्र बरीच थंडावली होती.