बंद पडलेल्या लॅपटॉपमधील माहितीची पुनर्प्राप्ती : टप्पे व मर्यादा

प्रस्तावना :
मुंबईच्या हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाच्या पूर्वेस दारूखाना हा परिसर आहे. जुनी जहाजे तोडणे आणि भंगार लोखंडाचा व्यापार यांसाठी तो अनेक दशके ओळखला गेला. जहाज निकामी ठरले म्हणून त्याचा प्रत्येक भाग निकामी ठरत नाही, हे तत्त्व या व्यवसायाच्या मुळाशी आहे. बंद पडलेल्या लॅपटॉपलाही तेच लागू पडते. चार्जर, बॅटरी, पडदा किंवा मदरबोर्ड बिघडला, तरी माहिती साठवणारी डिस्क बहुधा शाबूत असते. यंत्र पुन्हा विकत घेता येते. मात्र १९८२ च्या संपात सहभागी झालेल्या आणि आज हयात नसलेल्या गिरणी कामगाराची मुलाखत पुन्हा घेता येत नाही. म्हणून माहिती वाचविण्याच्या पद्धतीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बिघाडाचे निदान :
प्रथम दुसरा योग्य चार्जर लावून पाहावा. त्यानंतर चार्जर काढून पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे व पुन्हा प्रयत्न करावा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, अशा वेळी बाहेरचा मॉनिटर जोडावा. त्यावर चित्र दिसल्यास दोष पडद्याचा असतो. कंपनीचे चिन्ह दिसून पुढे विंडोज सुरू होत नसल्यास दोष प्रणालीत किंवा डिस्कमध्ये असू शकतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास यंत्र तत्काळ बंद करावे, कारण वाचन-शीर्ष तबकडीवर घासल्यास प्रत्येक फेरीगणिक हानी वाढते. बॅटरी फुगलेली असल्यास चार्जिंग थांबवावे. भिजलेली डिस्क चालू करून पाहू नये. घरी उष्णता देऊन वाळवूही नये. अशी डिस्क तज्ज्ञांकडेच सोपवावी.

पुनर्प्राप्तीचे टप्पे :
१) डिस्क वेगळी करणे : अडीच इंची साटा डिस्क यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकास जोडता येते. एम-डॉट-टू प्रकारात साटा व एनव्हीएमई असे दोन भेद असल्याने त्यानुसार आवरण घ्यावे. काही लॅपटॉपमध्ये साठवणीच्या चिप मदरबोर्डवरच जोडलेल्या असतात. तेथे मदरबोर्डची दुरुस्ती हाच मार्ग उरतो.
२) काहीही न लिहिणे : डिस्क ‘फॉरमॅट’ करावी काय, असे संगणकाने विचारल्यास नकार द्यावा.
३) तंतोतंत प्रत घेणे : डिस्क अशक्त वाटल्यास आधी तिची संपूर्ण प्रत घ्यावी. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग प्रथम उचलतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो.
४) प्रतीवर काम करणे : टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारखे प्रोग्राम मूळ डिस्कवर न चालविता प्रतीवर चालवावेत आणि मिळालेल्या फाइली तिसऱ्याच ठिकाणी साठवाव्यात.

शक्यता व मर्यादा :
१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. झेनॉनच्या श्यानतेवरील प्रयोगाच्या नोंदी असलेली त्यातील हार्ड डिस्क अवशेषांत जळालेल्या अवस्थेत सापडली. तिच्यातील सुमारे ९९ टक्के माहिती तज्ज्ञांनी परत मिळविली व प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. डिस्क अर्धवटच भरलेली होती आणि जुन्या डॉस प्रणालीने माहिती सलग लिहिली होती. त्यामुळे हानी बहुतांशी रिकाम्या भागाची झाली.

आजच्या साधनांबाबत मात्र इतका भरवसा बाळगता येत नाही. एसएसडीमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा ‘ट्रिम’ या आज्ञेमुळे लवकरच मोकळी केली जाते. अशा फाइली क्वचितच परत मिळतात. अनेक लॅपटॉपमध्ये बिटलॉकर हे कुलूपबंद संरक्षण आपोआप चालू असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की नसेल, तर सुस्थितीतील डिस्कही वाचता येत नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. महाविद्यालयाच्या लॅपटॉपसाठी ती संस्थेच्या खात्यात असू शकते. यंत्र चालू असतानाच ती लिहून ठेवणे हिताचे.

समारोप :
पुनर्प्राप्ती हा अखेरचा उपाय होय. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम पाळावा. २६ जुलै २००५ च्या पावसाची २४ तासांतील नोंद सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर होती. एकाच शहरात इतकी तफावत असते, म्हणूनच दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीला महत्त्व आहे. तसेच जी डिस्क आपल्याला वाचता येते, ती भंगार विकत घेणाऱ्यालाही वाचता येते. विद्यार्थ्यांचे गुण व मुलाखतदात्यांची नावे परक्या हाती पडू नयेत, यासाठी डिस्क पूर्णतः पुसून अथवा नष्ट करूनच यंत्र अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावे.