पोराच्या हाती निरोप

जूनच्या मध्यावर टीव्हीवर शाळेची पहिली घंटा वाजते. दारात गुलाबाची फुलं घेऊन उभे असलेले शिक्षक, नव्या दप्तराची पोरं आणि त्यातलं एखादं हमखास रडणारं. अकोल्यात आणि अमरावतीत त्या दिवशी शाळेला कुलूप असतं. विदर्भाचं शालेय वर्ष उन्हापायी उशिरा उघडतं. २०२३ साली बाकीच्या महाराष्ट्रात १५ जूनला शाळा भरल्या, विदर्भात ३० जूनला. पुढच्या वर्षी १ जुलैला. २०२५ साली तिकडे १६ जून, इकडे २३ जून. त्याआधी कित्येक वर्षं २६ जून ही तारीख घरोघरी पाठ होती, आता दर वर्षी विचारावी लागते. राज्याची बातमी ऐकून वऱ्हाडातल्या पालकाचं भागत नाही, त्याला आपल्या शाळेची बातमी वेगळी मिळवावी लागते.

वर्षाचं दुसरं टोकही असंच. २०२५ साली पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत लांबली. एप्रिल अखेरचं ऊन ज्यांनी पत्र्याच्या वर्गखोलीत काढलंय त्या विदर्भातून विरोध होणारच होता आणि झालाही. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं आणि खासगी शिकवण्यांनाही वेळ बांधून दिली : सकाळी १० पर्यंत, नाहीतर संध्याकाळी ५ नंतर. जमावबंदीचं कलम उन्हासाठी वापरावं लागतं, अशा मुलखात शाळेची वेळ बदलल्याचा निरोप एक दिवस उशिरा पोचला तर पोरगं भर दुपारी रस्त्यावर असतं.

हा निरोप घरी नेतो कोण? परवापरवापर्यंत एकच जण नेत असे, खुद्द पोरगं.

हायस्कुलातली सूचना वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवेल. जाड पुठ्ठ्याची, कोपरे मऊ पडलेली. मुख्याध्यापक तीत चार ओळी लिहीत, शिपाई ती घेऊन वर्गावर्गात फिरे, शिक्षक शिकवणं थांबवून वाचून दाखवत आणि खाली सही करत. पाचवी अ पासून दहावी क पर्यंत वही फिरून आली की शाळेच्या लेखी सूचना दिली गेली. पुढचा प्रवास चाळीस-पन्नास पोरांच्या मर्जीवर. सहलीचा निरोप धावत घरी जायचा, पालकसभेचा वाटेतल्या बोरीखालीच राहायचा. घटक चाचणीचे गुण तर प्रगतिपुस्तकासकट दप्तराच्या तळाशी जात आणि ‘पालकांची सही’ या रेषेवर मोठ्या भावाचं वळणदार अक्षर उमटे. मग कधीतरी बाजाराच्या दिवशी सरांची आणि बापाची गाठ पडे आणि बाप म्हणे, ‘‘सर, पोट्ट्यानं तं काहीच सांगतलं नाही ना बाप्पा!’’

ही व्यवस्था ढिली होती, पण त्या पोराच्या घरी वाचणारं दुसरं कुणी बहुधा नसायचं, हेही लक्षात घ्यायला हवं. वऱ्हाडात शाळेची बातमी घरापर्यंत नेण्याचं पहिलं मोठं काम कुठल्या शिक्षणखात्याने नव्हे, कीर्तनाने केलं. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगावच्या अडाणी आईबापांना एकच हिशेब समजावला. जेवायचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, पण लेकराला शाळेत घाला. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं, ही त्यांची रीत. आजच्या पालकसभांत तीच नेमकी दिसत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावपाशी बाबा गेले, तोवर त्यांच्या श्रोत्यांची मुलं हायस्कुलात बसू लागली होती. ती हायस्कुलं उभी करण्यात मोठा वाटा पंजाबराव देशमुखांचा. अमरावतीत सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं श्रद्धानंद छात्रालय त्यांनी काढलं आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा तालुक्यातालुक्यांत गेल्या. २७ डिसेंबरला, त्यांच्या जयंतीला, या शाळांत आजही कार्यक्रम असतो आणि त्याचं निमंत्रण पालकांना जातं.

शाळेतली खरी बातमी मात्र सूचना वहीत नसते. ती असते दाखल-खारिज रजिस्टरात. पोरगं कोणत्या तारखेला आलं, जन्मतारीख काय लिहिली, जात काय लिहिली, कधी गेलं. लिहिताना बापाला विचारलं असेल, नसेलही. मास्तरांनी अंदाजाने १ जुलै जन्मतारीख घातलेली माणसं वऱ्हाडात किती तरी निघतील. ती ओळ लिहिली गेली तेव्हा घरच्यांना तिची किंमत नव्हती. आज आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेला नातू आजोबांच्या शाळेत येतो, कारकुनासमोर खुर्ची ओढून बसतो आणि पिवळ्या, कडांना झिजलेल्या पानांतून आजोबांचं नाव शोधतो. शाळेने घराला दिलेला हा निरोप साठ-सत्तर वर्षांनी पोचतो. रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर पोचतच नाही. अकोला-अमरावतीच्या जुन्या शाळांत संगणकाच्या खोलीवर जेवढा खर्च होतो त्याच्या चौथाईही या कपाटांवर होत नसावा, हे मला खटकतं.

जानेवारी २०२५ मध्ये याच रजिस्टराने राज्यभर गोंधळ उडवला. बारावीच्या हॉलतिकिटावर राज्य मंडळाने जातप्रवर्गाचा रकाना छापला. परीक्षेच्या चिठ्ठीवर जात कशाला, म्हणून टीका उठली. मंडळाचं म्हणणं असं, की शाळा सोडल्यावर रजिस्टरातली नोंद बदलता येत नाही, मग पालक हेलपाटे घालतात. तिकिटावर प्रवर्ग दिसला तर चूक वेळेत कळेल. हेतू पालकांना कळवण्याचाच होता. पण घरात एकट्याला सांगायची गोष्ट परीक्षा केंद्राच्या दारावर दाखवायच्या कागदावर छापली, आणि कुणाला कळवायचं हा विचार राहून गेला. मंडळाने दिलगिरी व्यक्त करून नवी तिकिटं दिली.

निकालाची बातमी तेवढी कधी पोराच्या हाती सोपवली गेली नाही. ती पेपरात येई. मंडळाचा निकाल लागला की बैठक क्रमांकांच्या बारीक टायपातल्या रांगा छापल्या जात आणि एसटी स्टँडवर एकेका अंकाभोवती दहा-दहा डोकी जमत. क्रमांक नसला की ‘छापायचा राहिला असेल’ अशी आशा दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. अमरावती विभागीय मंडळाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम असे पाच जिल्हे आहेत. आता या पाचही जिल्ह्यांतली पोरं दुपारी एकच्या ठोक्याला फोन उघडून बसतात. १६ जुलै २०२१ ला तो ठोका चुकला. परीक्षाच न घेता लावलेल्या दहावीच्या त्या निकालाला संकेतस्थळ तासन् तास उघडेना. निकाल ९९.९५ टक्के होता, म्हणजे नापास होण्याची भीती जवळपास नव्हतीच, तरी घरोघरी जीव टांगणीला. त्या वर्षी शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरून दिले गेले. ज्या नववीच्या प्रगतिपुस्तकावर कुणी धड सही केली नव्हती, तेच एकदम मोलाचं ठरलं.

ते वर्षच वेगळं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा पहिला दणका राज्यात अमरावतीला बसला आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरं बंद झाली. शाळेची वही, शिपाई, फळा सगळं एका झटक्यात पुन्हा निकामी झालं. उरला व्हॉट्सअॅपचा ग्रुप. तो टाळेबंदीपुरता म्हणून आला आणि शाळेत कायमचा राहिला.

आज वर्गागणिक ग्रुप आहे. अकोला, बाळापूर, अचलपूरच्या उर्दू शाळांत सूचना उर्दूत पडते, काही ठिकाणी शिक्षक आवाज मुद्रित करून टाकतात आणि तेच सर्वांत उत्तम चालतं, कारण कापूस वेचता वेचताही ऐकता येतं. सुरुवातीला ग्रुपवर शुभ सकाळ, देवांचे फोटो आणि कुणाच्या तरी प्लॉटची जाहिरात येई. मग शाळांनी ‘फक्त अॅडमिन’ लावलं. आता शांतता आहे, पण बोलणं एकाच बाजूने उरलंय. शाळेकडून शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, ‘अपार’ क्रमांकासाठी संमतिपत्र, आधार अद्ययावत करण्याची ताकीद, असे कागद पालकाच्या फोनवर पडत राहतात. अर्धे शिक्षणाचे, अर्धे सरकारी पोर्टलचे. वर्गशिक्षकालाही ते रात्री नऊला वरून आलेले असतात, त्यालाही सकाळी माहिती भरून द्यायची असते. पावसाळ्यात आणखी एक भर : जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं सुट्टीचं खोटं पत्र. खरं-खोटं कळेपर्यंत अर्धी शाळा घरी बसलेली असते.

आणि फोन असतो कुणाकडे? बापाच्या खिशात, बाप वावरात. संध्याकाळी तो घरी येतो आणि फोन पोराच्या हाती देऊन म्हणतो, ‘‘वाच बरं, काय आलं शाळेतून.’’ पोरगं आपल्याला हवं तेवढं वाचतं. एवढी यंत्रं फिरवून निरोप पुन्हा पोराच्याच हाती आला!

मेळघाटात तर तेवढीही सोय नाही. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत अनेक गावांना फोनची रेंज धड मिळत नाही, घरात कोरकू बोलतात, सूचना मराठीत असते. आश्रमशाळेतल्या मुलाची खबर आठवडी बाजारात भेटलेल्या गावकऱ्याकडून किंवा एसटीच्या कंडक्टरकडून जाते. मजुरीला बाहेर पडलेली घरं होळीला परततात, कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण, आणि दहावीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते. तिथला अनुभवी मुख्याध्यापक वेळापत्रक फळ्यावर लिहून थांबत नाही, होळीच्या आधी माणूस धाडतो.

शहरातल्या पालकालाही २०२५ च्या मे महिन्यात नवं प्रकरण शिकावं लागलं. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा मोजक्या शहरांत होता, अमरावती त्यांत होती. त्या वर्षी तो अख्ख्या राज्याला लागू झाला. अमरावतीतल्या बापाला पसंतीक्रम, फेरी, कट-ऑफ हे शब्द माहीत होते, अकोट-तेल्हाऱ्यातल्या बापाला कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन सरांना भेटायची सवय. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची, तर संकेतस्थळच बसलं आणि सारं २६ मेपर्यंत पुढे गेलं. शाळा सुटलेली, दहावीचा वर्गशिक्षक सुट्टीवर आणि ग्रुप? निकालानंतर बहुतेकांनी तो सोडलेला. ज्या आठवड्यात पालकाला शाळेची सर्वांत जास्त गरज असते, त्याच आठवड्यात दोघांमधला धागा तुटलेला असतो. दहावीचा ग्रुप ऑगस्टपर्यंत चालू ठेवला तर काय बिघडेल?

कागदावर पालकाचं स्थान मोठं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठरवल्या. शुल्क नियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायला सांगितलं, म्हणजे गावच्या पुढाऱ्याचीच वर्णी लागू नये. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांची सक्ती केली आणि काही गैर घडलं तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायला लावलं. पेट्या भिंतींवर लागल्या आहेत. त्यांची किल्ली कुणाकडे असते आणि त्या कधी उघडतात, हे पालकसभेत विचारायला हवं. ते क्वचितच विचारलं जातं, कारण सभेचा बहुतेक वेळ स्वागत, हार आणि ‘मोबाइल देऊ नका’ या उपदेशात जातो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी बाराला सभा ठेवली तर येणार कोण, हाही एक प्रश्न.

येतात त्या बहुधा आया. भाषणं संपली की त्या विचारतात ते गुणांबद्दल नसतं. मार्चपासून शाळा सकाळची केली, पण गावची पहिली गाडी तर सातनंतर सुटते, पोरीनं यायचं कसं? बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या त्यांच्यासाठीच आल्या, पण गाडीचं वेळापत्रक आगारात ठरतं आणि शाळेचं मुख्याध्यापकांच्या टेबलावर. ग्रुपवर ‘उद्यापासून शाळा ७.३०’ असं टाकलं की शाळेचं काम संपलेलं असतं. शहाणे मुख्याध्यापक आधी आगार व्यवस्थापकांना पत्र लिहितात, त्यांचं उत्तर आल्यावरच वेळ जाहीर करतात.