बागेतून केबल टाकताय? वायर स्वस्त असते, चारी महाग पडते



दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं. पहूरजवळच्या एका मळ्यात काम मिळालं. बंगल्यापासून गेटपर्यंत ८० मीटर अंतर, मध्ये लिंबू-पेरूची बाग. गेटवर दोन कॅमेरे आणि एक दिवा लावायचा होता. मालक म्हणाले, "अर्धा फूट खोद रे भाऊ, जमिनीखालचं कोण बघतंय?" मीही मान डोलावली. एकाच पीव्हीसी पाइपात लाइटची साधी वायर आणि नेटची वायर कोंबली, माती ओढली, पैसे घेतले आणि खूश होऊन घरी आलो.

पहिल्याच पावसाळ्यात कॅमेरे बंद-चालू व्हायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात झाडाला आळं करताना माळीदादांची कुदळ पाइपावर बसली. झटका बसून ते मागे पडले. नशिबाने वाचले. मी माझ्या खर्चाने सगळी चारी पुन्हा खोदली. नफा गेला, वर मजुरी अंगावर आली. पण पैशाचं सोडा. त्या माणसाला काही झालं असतं, तर त्याच्या घरी जाऊन मी काय सांगणार होतो?

तेव्हा शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

आधी जमीन ओळखा

आपली काळी जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्ही बांधावर पाहिलंच असेल. या ओढाताणीत पीव्हीसी पाइपाचे जोड सुटतात आणि आत पाणी शिरतं. त्यात उंदीर-घुशी आहेतच. म्हणून बागेत गुंडाळीत मिळणारा एचडीपीई पाइप वापरा. तो सलग टाकता येतो, मध्ये जोडच लागत नाही.

लाइटची केबल

जमिनीखाली लाइटसाठी आर्मर्ड केबलच घ्या. घरगुती दाबाच्या केबलसाठी आयएस १२५५ या भारतीय मानकात ७५ सेंटीमीटर खोली दिली आहे, म्हणजे अडीच फूट. कुदळ किंवा रोटाव्हेटर सहसा तिथवर पोचत नाही. खाली वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, वर विटा आणि त्यावर धोक्याची पट्टी. उद्या कोणी खोदलंच, तर आधी पट्टी दिसते, मग वीट लागते. केबल शेवटी येते.

आर्मर ग्लँडमधून अर्थिंगला जोडा. सुरुवातीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा. माझ्या त्या कामात तो असता, तर लाइन क्षणात तुटली असती. हे जोडकाम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

अंतर जास्त असेल तर व्होल्टेजचाही हिशेब करा. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या केबलवर १५० मीटर लांब ५ अँपिअरचा लोड टाकला, तर साधारण ११ व्होल्ट वाटेतच जातात. संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असलेल्या मळ्यात हे जाणवतं. मग एक साइज मोठी घ्या.

नेटची केबल

नेटची वायर लाइटच्या पाइपात कधीही घालू नका. वेगळा पाइप, मध्ये फूटभर अंतर. घरात वापरायची वायर ओल्या जमिनीत टिकत नाही. बाहेरची, जेल भरलेली घ्या. विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम तार आहे. दुकानदाराला परत करा.

तांब्याच्या नेट वायरची मर्यादा १०० मीटर. पण माझं मत विचाराल तर दोन इमारतींच्या मध्ये ६० मीटर असले तरी फायबर टाका. मृगाच्या आधी आपल्याकडे विजा कशा कडाडतात ते माहीतच आहे. जवळ वीज पडली की तांब्याच्या तारेतून लाट येते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. फक्त लोखंडी कवच किंवा तार नसलेली फायबर मागा. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लागतात, त्यांना वीज द्यावी लागते, एवढंच.

आता धंद्याचं बोलू

कोटेशन देताना नवीन मुलं वायरचा भाव बघतात. पण वायर खराब झाली तर वायर बदलता येते, चारी मात्र पुन्हा खोदावी लागते. म्हणून मी आता चार गोष्टी करतो.

१. खोदाई, पाइप, केबल आणि जोडकाम यांचे दर वेगळे लिहितो. गिऱ्हाइकाला कळतं, पैसे कुठे जातात.

२. एक रिकामा पाइप जादा टाकतो, आत नायलॉनची दोरी ओढून ठेवतो. उद्या मोटार किंवा तिसरा कॅमेरा आला, तर खोदायची गरज नाही.

३. माती ओढण्याआधी टेप धरून फोटो काढतो. खोली दिसली पाहिजे. मग बागेचा नकाशा काढून विहीर, बंगल्याचा कोपरा अशा न हलणाऱ्या खुणांपासून अंतरं लिहितो. एक प्रत मालकाला, एक मला.

४. चारी रस्त्याकडेला जात असेल तर आधी चौकशी करतो. केंद्र सरकारने २०२३ च्या मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप याचसाठी आणलं. गावात आलेल्या फायबरवर आपला जेसीबी चालला, तर अख्ख्या गावाचं नेट जातं.

"अर्धा फूट खोद" म्हणणारे मालक आजही भेटतात. मी त्यांना हात जोडून सांगतो, "काका, अडीच फूट नसेल तर हे काम मी घेत नाही." दोन-तीन कामं अशी गेली. पण ज्यांनी ऐकलं, त्यांच्याच शेजाऱ्यांची कामं नंतर माझ्याकडे आली. फोटो त्यांनीच दाखवले होते.

या आठवड्यात एक करा. तुम्ही आधी पुरलेल्या कामांपैकी एकाला फोन लावा आणि आरसीसीबी आहे का, एवढंच विचारा. नसेल तर उद्याच जाऊन बसवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.