बिलाचा प्रोग्राम आणि पिवळा त्रिकोण

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि अकोला-अमरावतीच्या व्यापाऱ्यांनाही बिल-हिशेबासाठी संगणकाची गरज अधिक भासू लागली. काही जण तयार पॅकेज विकत घेतात, तर काही जण ओळखीतल्या, संगणक शिकलेल्या मुलाकडून आपल्या धंद्यापुरता प्रोग्राम करून घेतात. आजचे हे चार शब्द या दुसऱ्या मंडळींसाठी आणि त्या मुलांसाठी आहेत.

तक्रार ठरलेली असते. करणाऱ्याच्या घरी प्रोग्राम झकास चालतो. दुकानाच्या काउंटरवर मात्र उघडतच नाही. ईद तोंडावर, गिऱ्हाईक उभे, आणि मालक हाताने पावत्या फाडत बसलेले! याचे एक कारण अगदी बारीक असते.

विंडोजवरचे असे बरेच प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफवर बनतात. ते नोव्हेंबर २००६ मध्ये डॉटनेट ३.० बरोबर आले. त्यात बटणे, चौकटी यांचे रूप, म्हणजे थीम, वेगळ्या डीएलएल फायलींत असते. अशा फाइलला असेंब्ली म्हणतात. एक्सपीचे रूप लूना, व्हिस्टा आणि विंडोज ७ चे एरो, ८ पासून एरो-टू. सगळ्या मशीनवर एकच रूप दिसावे म्हणून मुले स्क्रीनच्या फाइलीत ‘प्रेझेंटेशनफ्रेमवर्क डॉट एरो’ असे नाव लिहितात, पण प्रोजेक्टच्या रेफरन्सच्या यादीत ती असेंब्ली घालायची राहून जाते. शिंप्याने चिठ्ठीवर पितळी बटण लिहावे आणि बटण मागवूच नये, तसे हे.

नुसते अर्धे नाव दिले की प्रोग्राम ती फाइल आपल्याच फोल्डरात शोधतो. विंडोजच्या सामायिक साठ्यात ती असली तरी तिकडे बघत नाही. म्हणून यादीत रेफरन्स घालावा आणि त्याचे ‘कॉपी लोकल’ ‘ट्रू’ करावे, म्हणजे फाइल प्रोग्रामसोबतच दुकानात जाते. दुसरा मार्ग म्हणजे पत्त्यात आवृत्ती, कल्चर आणि पब्लिक की टोकन यांसह पूर्ण नाव लिहिणे. आमच्या मते पहिला मार्ग सोपा.

रेफरन्स यादीत असूनही त्यावर पिवळा त्रिकोण दिसतो आणि बिल्ड करताना एमएसबी ३२४५ ही सूचना येते, तेव्हा फाइल सांगितलेल्या जागी नाही असे समजावे. मित्राकडून प्रोजेक्ट आणला आणि त्यात त्याच्या डी ड्राइव्हचा पत्ता राहिला, की हेच होते. तो रेफरन्स काढून नव्याने घालावा. एमएसबी ३२७७ आली तर एकाच असेंब्लीच्या दोन आवृत्त्यांची टक्कर आहे. सर्वत्र एकच ठेवावी. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून पुढे विंडोजच्या या थीम डेस्कटॉप रनटाइमसोबतच येतात, त्यामुळे तेथे ही कटकट बरीच कमी आहे.

‘ही फक्त वॉर्निंग आहे, एरर नाही,’ असे मुले म्हणतात. बिल्ड होते हे खरे, पण फटका काउंटरवर बसतो.

व्यापारीबंधूंना यातले काही करायचे नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे मशीन बदलण्याची वेळ अनेकांवर आली आहे. जुना प्रोग्राम डॉटनेट ३.५ वरचा असेल तर ते नव्या मशीनवर वेगळे सुरू करावे लागते, हे आधीच विचारून घ्यावे. पैशाचा शेवटचा हप्ता मात्र प्रोग्राम दुकानातल्या मशीनवर चालवून, दोन-चार बिले छापून पाहिल्यावरच द्यावा.